खांद्यावरचा पंचा

नारायण पेठ, पुणे
२२ सप्टेंबर १९८०

जयसिंग,

तुझं पत्र मिळालं आणि वाचून झालं, पण अक्षराचं काय करून ठेवलंयस? कोंबडी शाईत पाय बुडवून अंगणभर फिरून आली असं दिसतंय. पस्तीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतोय, डॉक्टरांपासून कवींपर्यंत सगळ्यांची हस्तलिखितं पचवलीत, म्हणून निभावलं. पलटणीत हवालदार होतास तेव्हा तुझ्या ओळी कवायतीला उभ्या असल्यासारख्या असायच्या. आता कात्रजच्या बसमध्ये बसून लिहितोस, की म्हशीवर?

असो. तू म्हणतोस, यंदाच्या मुष्टियुद्धात होम्स अलीला हरवणार, आणि वर म्हणतोस, हरवायलाच पाहिजे. अरे, तो होम्स लढतो की पोस्टात बसतो? डावा हात पुढे, डावा हात पुढे, पुन्हा डावा हात पुढे. शिक्के मारल्यासारखे ठोसे. त्याची लढत म्हणजे रेशनची रांग. शेवटी हातात काहीतरी पडतं, पण मजा काय? आणि अली! तेव्हाचा जगज्जेता फोरमन, तसला राक्षस अंगावर घेतला, सात फेऱ्या दोराला टेकून त्याला दमवला आणि आठवीत झोपवला. मनिलात फ्रेझरबरोबर चौदा फेऱ्या. जगज्जेता कसा हवा, तर माणूस खुर्चीवरून उठला पाहिजे.

तुझी मंदाकिनीवहिनी म्हणते, "तुम्ही दोघांनी त्या माणसाला आयुष्यात बघितलंय किती?" खरं आहे. टॉकीजमध्ये, बातमीपटात, दीड मिनिट. बाकी सगळं कँपातल्या फुटपाथवरच्या जुन्या मासिकांतून. मी इंग्रजी शिकलोच त्या मासिकांवर. पण दीड मिनिटात कळायचं ते कळलं.

नियम लक्षात आहे ना? निकाल लढतीआधी कार्डावर लिहून टाकायचा. पोस्टाचा शिक्का साक्षीदार. "मी म्हणालोच होतो" ही सोय कुणालाच नाही. लढत तिकडे दोन तारखेला. आपल्याकडे त्या दिवशी गांधीजयंती, पोस्ट बंद. अहिंसेच्या दिवशी लढत ठेवलीय, हे अमेरिकेला कुणी सांगितलं नसावं. तेव्हा एक तारखेपर्यंत कार्ड पडू दे.

तुझा
अनंत


कात्रज
२६ सप्टेंबर १९८०

अनंतराव,

रामराम. पेन खराब हाय. दुसरं काय न्हाई.

तुम्ही मजा मजा म्हणता, ती मजा कुणाची? बघणाऱ्याची. अली दोराला टेकून मार खात हुता तवा तुम्ही मला "वाहवा" लिवलं हुतं. तो मार कुठं गेला? हवेत? अंगातच मुरला ना? होम्स मार घेतच न्हाई. डाव्या हातानं माणूस लांब ठेवतो, जिंकतो, घरी जातो आणि घरच्यांना वळखतो. मला तसला जगज्जेता आवडतो. तुम्हाला कंटाळा येत असल तर तुम्ही मंडईत जाऊन भांडणं बघा.

माझं कार्ड आजच टाकतो. होम्स. अकराव्या फेरीच्या आत.

आता दुसरं. कँपातल्या आपल्या क्लबाला पंचवीस वर्षं झाली. १६ नोव्हेंबरला, रविवारी सकाळी, सोहळा हाय. जुन्या लोकांची लढत ठेवणार म्हणत्यात. दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, जाड हातमोजे. मी आणि रेल्वेचा गोपाळकृष्ण नायडू. मी पन्नास, तो बावन्न. मी हो म्हणालो हाय. अठ्ठावन्न साली ह्याच नायडूशी लढलो तवा पाणी-पंचा घेऊन माझ्या कोपऱ्यात तुम्ही हुता, आता बी तुम्हीच पाहिजे. पंचा घेऊन या.

जयसिंग


नारायण पेठ
१ ऑक्टोबर १९८०

जयसिंग,

अली. नवव्या फेरीत. कार्ड सकाळीच पेटीत टाकलं, आता हे पत्र.

मी तुझ्या कोपऱ्यात! विचारतोस काय? बावीस वर्षं वाट बघतोय. अठ्ठावन्नची तुझी-नायडूची लढत मी आजही छापखान्यात नव्या माणसाला सांगतो. अली-फ्रेझर राहिले बाजूला. दुसऱ्या फेरीत तू आडवा, तिसऱ्या फेरीत नायडू आडवा, आणि मैदान असं पेटलं की टोप्या कुणाच्या कुणाला गेल्या. त्याला म्हणतात लढत.

जाहिरातीचा कागद मी स्वतः जुळवतो. तुझं नाव सगळ्यात मोठ्या खिळ्यात. नायडू रुसला तर रुसला. पंचा नवा घेतो, जुन्याची मंदाकिनीने कधीच फडकी केली.

अनंत


नारायण पेठ
५ ऑक्टोबर १९८०

जयसिंग,

तुझं कार्ड समोर आहे. २६ सप्टेंबरचा शिक्का, शंकेला जागा नाही. जिंकलास.

दहाव्या फेरीनंतर अलीच्या कोपऱ्यानेच लढत थांबवली. तिन्ही परीक्षकांच्या कागदावर एकही फेरी त्याच्या नावावर नाही. केस काळे केले होते म्हणे. वजन उतरवलं होतं. बाहेरून नवा कोरा माणूस. आणि तुझा होम्स, माझा तो पोस्टातला कारकून, मारता मारता रेफरीकडे बघत होता, थांबवा म्हणून. लढत संपल्यावर रडला, असंही आलंय.

बातमीत आणखी एक ओळ आहे. थांबवायचं ठरलं तेव्हा कोपऱ्यातलाच एक जण दुसऱ्याला धरून म्हणत होता, अजून एक फेरी. ही ओळ मी चार वेळा वाचली. का, ते कळत नाही. खरं म्हणजे कळतंय. पण ते नंतर केव्हातरी.

जाहिरातीचा कच्चा छाप सोबत आहे. बघून कळव.

अनंत


कात्रज
१८ ऑक्टोबर १९८०

अनंत भाऊजींना मुक्ताबाईचा नमस्कार.

मी चौथीपर्यंत शिकले, चुकलं तर समजून घ्या. आमचे हे तुम्हाला सांगत न्हाईत म्हणून मी लिहिते.

तुम्ही अक्षराला हसला ते पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं. स्वतः बी लई हसले. मग गोठ्यात जाऊन बसले. भाऊजी, पेन खराब न्हाई. तुम्हाला एक पत्र लिहायला त्यांची अख्खी सकाळ जाती. मी दोन्ही हातांनी कागद दाबून धरते, तवा कुठं चार ओळी होत्यात. चहा अर्धा पेलाच देते, भरला तर सांडतो. सदऱ्याची बटणं मी लावते. गेल्या महिन्यात हे तळ्यावरून घरी यायची वाट चुकले. जल्म त्याच वाटेवर गेला त्यांचा.

डॉक्टर म्हणाले, डोक्यात जुना मार हाय. आता टपली बी नको. तुम्हाला आणि क्लबाला सांगू नको म्हणून त्यांनी माझा हात डोक्यावर ठेवून घेतला हुता. ते वचन मी आज मोडलं. रागावले तर रागावू दे.

जाहिरातीचा कागद त्यांनी देवघराशेजारी लावलाय. रोज बघत्यात. माझं ऐकत न्हाईत. तुमचं ऐकतील.

मुक्ताबाई


नारायण पेठ
२२ ऑक्टोबर १९८०

जयसिंग,

मुक्ताबाईंचं पत्र आलं. त्यांना एक शब्द बोललास तर माझ्याशी गाठ आहे.

पस्तीस वर्षं अक्षरं वाचतोय म्हणून मी मिजास केली. तुझा शब्द न् शब्द बरोबर लावला. काना सुटला होता तिथे काना भरून वाचला. पण लिहिणारा हात थरथरतोय, एवढंच वाचलं नाही. वर कोंबडीची उपमा दिली. माझ्या तोंडाला काय म्हणावं?

आता मी जे बावीस वर्षं सांगितलं नाही ते सांगतो. अठ्ठावन्न साली दुसऱ्या फेरीत नायडूचा उजवा हात तुझ्या कानशिलावर बसला. तू पडलास. उठलास. माझ्याकडे तोंड होतं तुझं, पण डोळ्यांत मी नव्हतो. पंचा माझ्या खांद्यावर होता. तो घाम पुसायला होता, आणि अशा वेळी आत टाकायलाही होता. टाकला की लढत संपली. मला हे माहीत होतं. पण मैदान उभं राहिलं होतं, आणि मी, जयसिंग, तुझ्या कोपऱ्यातल्या स्टुलावर चढून ओरडत होतो, "मार! मार त्याला!" पंचा केव्हा खाली पडला कळलं नाही. नंतर उचलला तेव्हा त्यावर माझ्याच चपलेचे ठसे होते.

तू जिंकलास, म्हणून कुणी काही विचारलं नाही. तीन दिवस तुला आई ओळखू आली नाही. चौथ्या दिवशी ओळखलंस, म्हणून पेढे वाटले. पेढे मीच आणले होते. ती लढत मी हजार वेळा रंगवून सांगितली, पण पंच्याचं नाव एकदाही काढलं नाही.

अलीच्या कोपऱ्यातला तो "अजून एक फेरी"वाला, तो मी आहे.

लढू नकोस. क्लबाला मी सांगतो, तुला सांगावं लागणार नाही.

अनंत


कात्रज
२७ ऑक्टोबर १९८०

अनंतराव,

हे पत्र माझ्या हातानं लिवलंय. मुक्तीला कागद धरू दिला न्हाई. दगड ठेवला. दोन दिवस लागले. वाचता आलं न्हाई तर सोडून द्या.

क्लबाला सांगितलं तर आपली दोस्ती खलास.

माझ्यात काय बिघडलंय ते मला ठाऊक हाय. डॉक्टरानं मलाच सांगितलं, तुम्हाला न्हाई. घरात आता सगळी मला धरून चालवत्यात. पायरी आली की चार हात पुढं येत्यात. बोलताना शब्द अडकला की थोरला लेक शब्द पुरवतो. प्रेमानंच करतो. पण मग तो शब्द माझा राहत न्हाई. जेवताना सगळी माझ्या घासाकडं बघत्यात, सांडतो का म्हणून. त्या चार दोरांच्या आत कोण धरत न्हाई. तिथं माणूस एकटा उभा राहतो. मी सहा मिनिटं मागतोय. तेवढी बी जास्त झाली का?

आणि अठ्ठावन्न साल तुमच्या एकट्याच्या नावावर घालू नका. मी पडलो तवा कानात नुसता भुंगा हुता. मैदान ऐकू येत नव्हतं, रेफरी ऐकू येत नव्हता. तुमचा आवाज तेवढा आला. त्याला धरून उठलो. आज तुम्ही त्याला पाप म्हणणार, तर माझं उठणं काय हुतं? तुमची करमणूक? मी माझ्या पायांनी उठलो, अनंतराव. ते तुम्हाला देणार न्हाई.

होम्सगत लढीन. डावा हात पुढं. तुम्हाला कंटाळा येईल एवढं सांभाळून लढीन. तुम्ही न्हाई आला तर दुसरा कोण तरी कोपऱ्यात उभा करीन. तो बी स्टुलावर चढंलच.

जयसिंग


नारायण पेठ
१ नोव्हेंबर १९८०

जयसिंग,

पत्र वाचता आलं. अक्षर न् अक्षर.

तीन दिवस खिळ्यांवर हात चालला नाही. छापखान्याच्या मालकांनी विचारलं, "अनंतराव, घरी सगळं ठीक?" मी म्हटलं, "घरी आहे."

क्लबाला सांगत नाही. येतो. मी नसलो तर तिथे ज्याला काहीच माहीत नाही असा माणूस उभा राहील, ते मला चालणार नाही. एक अट आहे. पंचा माझ्या खांद्यावर असेल, आणि तो कधी टाकायचा हे मी तुला विचारणार नाही. आधी नाही, तेव्हा नाही, नंतरही नाही. मान्य असेल तर कार्डावर लिही. शिक्का पाहिजे.

अनंत


[कार्ड. शिक्का : ४ नोव्हेंबर १९८०]

मान्य. पण तुमच्यानं टाकवणार न्हाई. तुम्हाला मजा लई आवडती. — जयसिंग


कात्रज
१८ नोव्हेंबर १९८०

अनंतराव,

हे मुक्तीकडून लिहून घेतोय, कारण रागानं हात जास्तच हलतोय. मी सांगतो तेच लिव म्हणून तिला बजावलंय.

तुम्ही काय केलं ते कळतंय का तुम्हाला? दुसरी फेरी सुरू होऊन एक श्वास घेऊन झाला न्हाई तवर पंचा माझ्या पायात! नायडूनं मला एक धड ठोसा मारला नव्हता. एक न्हाई! उलट पहिल्या फेरीत माझ्या डाव्या हातानं त्याच्या नाकातनं रक्त काढलं, ते अख्ख्या मैदानानं बघितलं. मी उभा हुतो. दोन पायांवर. पडलो नव्हतो, टेकलो नव्हतो. आणि माझाच माणूस मला हरवतो!

लोक हसले. शेंगांची टरफलं फेकली. क्लबाचा सेक्रेटरी म्हणाला, "म्हाताऱ्यांनी सगळी मजा घालवली." घरी आल्यावर लेकानं पायरीवर हात पुढं केला, आणि मला तो धरावा लागला.

मनिलात फ्रेझरला त्याच्या गुरूनं असाच बसवला. चौदा फेऱ्या लढू दिल्यावर बसवला. तुम्ही मला एक दिली. तुमचा पंचा माझ्याकडंच हाय. परत पाठवणार न्हाई. मला पत्र टाकू नका.

जयसिंग

(भाऊजी, ह्यांनी सांगितलं ते सगळं लिहिलं. हे मी माझं लिहिते. रात्री हे झोपले बरे. मुक्ताबाई)


नारायण पेठ
२१ नोव्हेंबर १९८०

जयसिंग,

पत्र टाकू नका म्हणालास, म्हणून टाकतोय.

पहिली फेरी संपल्याची घंटा झाली. मी स्टूल ठेवलं, पंचा ओला करून तयार. तू वळलास आणि चालायला लागलास. सरळ, ताठ, पलटणीच्या चालीने. समोरच्या कोपऱ्यात गेलास आणि नायडूच्या स्टुलावर बसलास.

लोक हसले ते तेव्हा, माझ्या पंच्याला नव्हे. टाळ्यासुद्धा पडल्या. हवालदारसाहेबांनी काय गंमत केली! सेक्रेटरी पोट धरून हसला. सगळ्या सोहळ्यात लोकांना सगळ्यात जास्त मजा आली ती तेवढ्या अर्ध्या मिनिटात.

मला नाही आली, आणि नायडूला नाही आली. तो तुझ्याजवळ वाकला, तुला काहीतरी म्हणाला, तुझं तोंड पुसलं आणि तुझ्या हाताला धरून माझ्याकडे आणून सोडलं. तुला यातलं काय आठवतंय ते मी विचारत नाही. तू माझ्यासमोर बसलास आणि म्हणालास, "अनंतराव, तुम्ही कुठं गेला हुता?"

नायडू पहिली फेरी पुरी दोन मिनिटं लढला. नाक फुटलं ते लटकं नव्हतं. पण दुसऱ्या फेरीला उठताना त्याने माझ्याकडे बघितलं, आणि दोन्ही हात खाली सोडून पुढे आला. तो तुला मारणार नव्हता. मग तुला ती फेरी कुणी दान म्हणून दिली असती, आणि मैदानाने गंमत म्हणून बघितली असती. सहा मिनिटं एकटं उभं राहायचं म्हणालास ना? त्या पुढच्या चार मिनिटांत तू एकटा उभा नसतास, जयसिंग. सगळे मिळून तुला धरून उभे असते, आणि तुला कळलंही नसतं.

म्हणून टाकला. टरफलं माझ्या टोपीत अजून सापडतात. सेक्रेटरीने माझ्यासाठी जे शब्द वापरले ते मी छापखान्यातही जुळवणार नाही. त्याला म्हटलं, "मजा हवी तर सर्कशीत जा, हा माझा माणूस आहे." परत वेळ आली तर परत टाकीन, पहिल्या घंटेलाच टाकीन. माफी मागत नाही. मागायची होती ती अठ्ठावन्नची, आणि ती तू मागू दिली नाहीस.

चिडलायस, चिडून राहा. बोलू नकोस. मी कार्डं टाकत राहीन.

अनंत


[कार्ड. शिक्का : १४ जानेवारी १९८१]

तिळगूळ पाठवला आहे. गोड बोलायची सक्ती नाही. — अनंत


[कार्ड. शिक्का : २ एप्रिल १९८१]

११ तारखेला होम्स लढतोय, बर्बिक नावाच्या माणसाशी. माझा अंदाज : होम्स, आठव्या फेरीत. हो, मी होम्सच्या बाजूने लिहिलंय. मला ताप आला असेल असं मंदाकिनीला वाटलं, तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. — अनंत


कात्रज
६ एप्रिल १९८१

अनंतराव,

मुक्ती लिहितीय, मी सांगतोय. सही तेवढी माझी.

तुम्हाला होम्स अजून कळला न्हाई. आठव्या फेरीत कशाला? त्याला घाई कुठं असती? होम्स, गुणांवर, पुऱ्या पंधरा फेऱ्या. लोक जांभया देतील आणि तो जिंकंल. शिक्का बघून घ्या.

नायडू महिन्यातनं एकदा येतो. गोठ्यापुढं बसतो, आपल्या रेल्वेचं काय काय सांगतो. तुम्ही लिवलं ते मी त्याला विचारलं. पहिल्यांदा न्हाई म्हणाला. मग हो म्हणाला.

मला ते आठवत न्हाई. आठवत न्हाई म्हणून झालं न्हाई, असं मी म्हणत हुतो. आता म्हणत न्हाई. पण तुम्ही बरोबर केलं असं बी म्हणणार न्हाई. मेलो तरी न्हाई. तुम्ही म्हणाला, चिडून राहा. तर मी चिडून हाय, रोज सकाळी न चुकता. बाकी लई गोष्टी इसरतो, ही इसरत न्हाई.

पंचा धुऊन ठेवलाय. हवा असल तर येऊन न्या. पण आधी एक लिहून द्या. पहिली फेरी कुणाची? मला पोस्टाच्या शिक्क्यासकट पाहिजे. लेक म्हणतो, "बाबा, गमतीची लढत हुती, फेरी कसली मोजता?" त्याला दाखवायचंय.

जयसिंग


[कार्ड. शिक्का : ८ एप्रिल १९८१]

पहिली फेरी जयसिंगची. स्वच्छ. डाव्या हाताने, कुणाच्या मेहेरबानीशिवाय. दुसरी फेरी झालेली नाही. परीक्षक : अनंत.

रविवारी सकाळच्या बसने येतो. चहा अर्धा पेलाच दे, मलाही.